कामावरून वेळेत घरी : नागपुरात नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी

नोकरी लागून पाच-सहा महिने झाले की घरोघरी एकच तक्रार सुरू होते, दिवस कुठे जातो ते कळत नाही. पहिल्या पगाराचा आनंद ओसरलेला असतो, सकाळचे फिरणे सुटलेले असते, आणि आई विचारते, "आज तरी जेवायला वेळेवर येशील का?" तक्रार खरी असते. उपाय मात्र बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. उद्यापासून पाचला उठायचे, जिमची वर्षाची फी भरून टाकायची, रविवारी फोनला हात लावायचा नाही. पंधरा दिवसांत हे सगळे बारगळते, कारण वेळ नेमका कुठून गळतो हे तपासलेलेच नसते.

खालचा आराखडा आठ आठवड्यांचा आहे. मिहानमध्ये आयटीत असणारे, हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळीने जाणारे, सिव्हिल लाइन्सच्या सरकारी कार्यालयात किंवा बँकेत नव्याने रुजू झालेले, सगळ्यांना तो थोड्याफार फरकाने लागू पडतो. मेख एकच आहे : एका वेळी एकच गळती बुजवायची.

पहिला आठवडा : फक्त नोंद

शंभर पानी वही घ्या. रोज एक पान, तीन रकाने. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात काय केले, तिसऱ्यात कुणामुळे केले. तिसरा रकाना लोक वगळतात, पण सगळे उत्तर त्यातच असते. 'साहेबांनी सांगितले', 'मीच अंगावर घेतले', 'सवय' आणि 'घरचे काम' असे चार शेरे पुरतात.

नोंद दिवसातून तीनदा करा : जेवणाच्या सुटीत, घरी पोहोचल्यावर आणि झोपण्याआधी. रात्री एकदाच आठवून लिहिले तर हमखास चुकते. ऑफिसचे तास फुगतात आणि फोनवरचे तास गायब होतात. फोनचा आकडा आठवणीवर सोडूच नका. अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' उघडले की कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ गेला ते दिसते. ते रोज वहीत उतरवून घ्या.

आठवडा साधा निवडा. महिनाअखेर, दिवाळीचा आठवडा किंवा घरातले लग्न असलेला आठवडा मोजायला घेतला तर हिशेब कुणाचाच जुळणार नाही. आणि या सात दिवसांत काहीही सुधारायला जाऊ नका. मोजतोय म्हणून लवकर निघालात तर मोजण्यात अर्थ नाही.

हिशेब कसा मांडायचा

आठवड्याचे तास १६८. समजा नंदनवनात राहणारा मुलगा हिंगणा एमआयडीसीत सहा दिवस जातो. जेवणाच्या सुटीसह रोज नऊ तास, म्हणजे ५४. जाऊन-येऊन रोज दोन तास धरले तर १२. झोप रोज सात तास, म्हणजे ४९. आंघोळ, जेवण, आवरणे यांना रोज दोन तास, म्हणजे १४. बाजार आणि घरकामाचे आणखी १४. बेरीज १४३. उरले २५.

कागदावर पंचवीस तास उरतात आणि प्रत्यक्षात एकही हाती लागत नाही. वही पाहिली की कारण समजते. हे तास सलग नसतात, वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत विखुरलेले असतात आणि प्रत्येक तुकडा फोन गिळतो. त्यातच रोज पाऊण तास उशिरा निघायची सवय असेल तर सहा दिवसांत साडेचार तास तिथेच संपतात.

आता तिसरा रकाना बघा. 'साहेबांनी सांगितले' पुढे किती तास आहेत आणि 'सवय' व 'मीच अंगावर घेतले' पुढे किती, याची बेरीज करा. बाकीच्या आठवड्यांत कुठून सुरुवात करायची हे या दोन आकड्यांवरून ठरवा. नव्या माणसाच्या वहीत दुसरा आकडा मोठा निघणे अगदी शक्य आहे. साहेब बसलेत म्हणून बसायचे, शेजारचा उठला नाही म्हणून उठायचे नाही, असल्या उशिराला वरून कुणाचाच हुकूम नसतो.

दुसरा आणि तिसरा आठवडा : निघण्याआधीची वीस मिनिटे

ऑफिस सहाला सुटत असेल तर ५.४० चा गजर लावा, आवाज बंद ठेवून, नुसता थरथरणारा. या वीस मिनिटांत नवे काम सुरू करायचे नाही. पहिली दहा मिनिटे अर्धवट कामे कुठे थांबली ते लिहायला. चिठ्ठी इतकी नेमकी हवी :

वर्ध्याच्या पार्टीचे बिल : जीएसटी नंबर मागितला, उत्तर नाही. उद्या १० वाजता फोन.
स्टॉक शीट : ४७ व्या ओळीपर्यंत तपासली. पुढे ४८ पासून.
साहेबांना विचारणे : शुक्रवारची तारीख पक्की का?

'बिलाचे बघणे' असे मोघम लिहिले तर डोके ते काम सोडत नाही, रात्री जेवताना पुन्हा तेच घोळते. पुढचे पाऊल आणि त्याची वेळ लिहिली की विषय निदान सकाळपर्यंत मिटतो.

पुढची पाच मिनिटे साहेबांना किंवा टीमला दोन ओळींचा निरोप द्यायला : आज काय पाठवले, उद्या पहिले काय घेणार. उरलेल्या पाच मिनिटांत टेबल आवरा, पाण्याची बाटली भरा, निघा. निरोपाचा फायदा असा की रात्री साडेआठला 'ते झालं का?' हा फोन येण्याचे कारणच उरत नाही. साहेबांचे बरेच फोन खरे तर काळजीपोटी असतात, नव्या माणसाने काम कुठवर आणले ते त्यांना माहीत नसते म्हणून.

इथे एक गोष्ट हटकून बिघडते. पावणेसहाला कुणीतरी खुर्ची ओढून येतो, "दोन मिनिटं आहेत का रे?" त्याला नाही म्हणू नका, वेळ द्या, पण उद्याची. "आत्ता घाईत चूक होईल दादा, उद्या साडेदहाला तुमच्याकडे येतो," आणि त्याच्या समोरच चिठ्ठीवर लिहा. दुसऱ्या दिवशी खरोखर साडेदहाला गेलात तर आठवड्याभरात लोक दुपारीच यायला लागतात. नाही गेलात तर तुमचा शब्द तिथेच संपला.

चौथा आठवडा : साहेबांशी बोलणे

हे पहिल्याच आठवड्यात करू नका. दोन-तीन आठवडे निरोप वेळेवर गेले आणि कामात ढिलाई दिसली नाही, की तुमच्या बोलण्याला वजन येते. सोमवारची सकाळ आणि महिनाअखेर टाळा. मंगळवारी-बुधवारी जेवणानंतर बरे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर हा विषय कधीच काढू नये. तिथे साहेबांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर कडकच येते.

"लोड फार आहे सर" या वाक्याचा उपयोग नाही, लोड सगळ्यांनाच असतो. कागदावर चालू कामे आणि प्रत्येकापुढे लागणारे तास लिहून न्या. बेरीज ५८ तास आली तर कागद समोर ठेवून विचारा, "सर, या आठवड्यात एवढं बसत नाही. यातलं आधी कोणतं घेऊ आणि सोमवारवर कोणतं ढकलू?" निर्णय त्यांचा राहतो आणि आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर येतो.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट ठरवून घ्या : तातडीचे कशाला म्हणायचे. "सर, रात्री आठनंतर काही अडलं तर मला थेट फोन करा, मी उचलेन. मेसेज मात्र सकाळी नऊला बघतो, चालेल ना?" ही मांडणी बहुतेक ठिकाणी पचते. मेसेज टाकायला काही लागत नाही, फोन करायला माणूस क्षणभर विचार करतो. तेवढ्या विचारातच निम्मी तातडी विरते.

परदेशी क्लायंट असेल तर ऋतू बघून बोला. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचे घड्याळ मागे जाते आणि तोच कॉल साडेसातला येतो, तो थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. लंडनचे सकाळचे नऊ उन्हाळ्यात दुपारी दीडला, हिवाळ्यात अडीचला. ऑक्टोबरमध्येच विचारून ठेवा की हिवाळ्यात कॉल तासभर अलीकडे घेता येईल का. नाही जमले तर त्या चार-पाच महिन्यांसाठी सकाळी तासभर उशिरा येण्याची परवानगी मागा. यात मागणी अवास्तव काहीच नाही, पण ऐन नोव्हेंबरात मागितली की सबब वाटते.

पाचवा आठवडा : फोन

ऑफिसचे ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'म्यूट' करून 'आर्काइव्ह'मध्ये टाका. म्यूटला आठ तास, एक आठवडा आणि कायमचे असे पर्याय असतात. 'कायमचे' निवडा आणि दिवसातून तीन वेळा स्वतः उघडून बघा. रोज आठ तासांचे म्यूट लावायला जाल तर चौथ्या दिवशी विसराल. तुमचे नाव घेऊन कुणी मेसेज केला किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिले, तर म्यूट केलेल्या ग्रुपमधूनही सूचना येऊ शकते, हे ध्यानात ठेवा.

फोनमध्ये दोन सिम असतील तर कामाचा नंबर वेगळा करणे सगळ्यांत सोपे. अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन खाती चालतात. पण हे नोकरीच्या पहिल्याच महिन्यात करा. एकदा घरचा नंबर साऱ्या व्हेंडरांकडे पोहोचला की मागे घेता येत नाही.

'डू नॉट डिस्टर्ब'चे वेळापत्रक रात्री साडेआठ ते सकाळी सात ठेवा आणि त्यातून आई-बाबा, नवरा किंवा बायको, शेजारचे काका आणि साहेब यांचे फोन वगळा. साहेबांना वगळायचे, कारण चौथ्या आठवड्यात तसा शब्द दिला आहे. एकाच नंबरवरून काही मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर वाजू देण्याची सोय सेटिंगमध्येच असते. ती सुरू ठेवली की घरच्यांची धाकधूक जाते.

तुम्हालाच रात्री अकराला काही सुचले आणि पाठवायचे असले तर मेल लिहा, पण जीमेल किंवा आउटलुकमध्ये सकाळी सव्वानऊची वेळ लावून सोडा. रात्री उत्तरे देणाऱ्याला लोक रात्रीच प्रश्न विचारतात.

सहावा आठवडा : घरातली वाटणी

मोकळा झालेला वेळ आधी कुणाला तरी दिलेला नसला की तो फोनकडेच जातो. म्हणून सहाव्या आठवड्यात घरी बसून ठरवायचे. नवरा-बायको दोघे कमावते असतील तर पहिल्या आठवड्यातली वही दोघांनीही भरलेली हवी. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की 'मी काय कमी करतो का' हा वाद फार वेळ चालत नाही, कारण 'घरचे काम' हा शेरा कुणाच्या पानांवर जास्त आहे ते उघड दिसते.

वाटणी करताना कामे तोडून घेऊ नका, अख्खी घ्या. 'मी भाजी आणतो' ही अर्धी वाटणी. काय संपले ते बघणे, यादी करणे, आणणे, निवडून फ्रीजमध्ये लावणे हे मिळून एक काम होते. यादी बायकोने करायची आणि नवऱ्याने नुसते कॉटन मार्केटमधून आणायचे, तर डोक्यावरचा भार जिथे होता तिथेच राहिला. गॅसचा सिलिंडर, विजेचे बिल, मुलांचा डबा, आजोबांची औषधे, पाहुण्यांचे फोन, प्रत्येकापुढे एकच नाव. महिन्याने नावे बदला, म्हणजे दुसऱ्याच्या कामाला किती वेळ लागतो तेही कळते.

स्वयंपाकाला रविवारी दीड तास द्या. चार माणसांच्या घरात अर्धा किलो कांदे आणि पाव किलो टोमॅटोचे वाटण तेल सुटेपर्यंत परतून ठेवले की आठवड्यातल्या तीन-चार भाज्या निघतात. लसूण सोलून, मटकी मोड आणून, कोथिंबीर कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. वाटण चार दिवसांपुढे नेऊ नका, आणि मे महिन्यात वीज जास्त वेळ गेली तर दोन दिवसांतच संपवा. कणीक मळून दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, पोळ्या काळपट होतात. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ बाहेरच्या तर्री पोह्यांवर किंवा घरच्या साध्या खिचडीवर भागवायची हे आधीच ठरलेले असू द्या. ऐन वेळी तेच केले तर उगाच चोरी केल्यासारखे वाटते.

लहान मूल असेल तर पाळणाघर घराजवळ की ऑफिसजवळ, यावर आधी बोला. आई-बाबा जवळ असतील तर घराजवळ. नसतील तर ऑफिसजवळचे बरे, कारण ताप आल्यावर पंधरा मिनिटांत पोहोचता येते. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, अशी तरतूद प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ मध्ये आली. एचआरला याबद्दल लेखी विचारा.

मुले राज्य मंडळाच्या शाळेत असलेल्यांना आणखी एक अडचण विदर्भातच येते. उन्हामुळे इथल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पुण्या-मुंबईच्या मुख्य कार्यालयाने आखलेल्या सुट्ट्या या दिवसांशी जुळत नाहीत. ते आठ-दहा दिवस मूल कुणाकडे राहील हे एप्रिलमध्येच ठरवा.

प्रवास आणि ऊन

वेळेच्या हिशेबात नागपूरकर उन्हाला धरत नाहीत आणि मग एप्रिलमध्ये सगळे वेळापत्रक कोसळते. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. तेवढे रोज नसते, पण मेमध्ये संध्याकाळी साडेसहालाही दुचाकीवरून पाऊण तास आलेला माणूस घरी पोहोचल्यावर तासभर कुणाशी धड बोलू शकत नाही. तो तास प्रवासातच धरा.

जमेल तिथे मार्च ते जून मेट्रो घ्या. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, अ‍ॅक्वा लाइन प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर, आणि बदलायचे सीताबर्डीला. मिहानवाल्यांना खापरी, हिंगण्याकडे जाणाऱ्यांना लोकमान्यनगर. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कंपनी हे दोन्ही तुकडे आधी एकदा मोजून बघा, कारण मेट्रोचा फायदा शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत बुडतो. कंपनीची बस खापरीहून किती वाजता सुटते हे बघूनच घरून निघायची वेळ ठरवा. येताना डब्यात बसलो की पहिली दहा मिनिटे ऑफिसच्या चिठ्ठीला आणि पुढचा वेळ मोकळा, हा क्रम बऱ्याच जणांना मानवतो. मेट्रो रात्री दहाच्या सुमाराला थांबते, त्यामुळे दुसऱ्या पाळीला तिचा परतीसाठी उपयोग नाही.

फिरायला जायचे असेल तर अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सचे जपानी गार्डन, नाहीतर घराजवळचे नागपूर सुधार प्रन्यासाचे (नासुप्र) उद्यान. जवळचे ते उत्तम. गाडी काढून जावे लागणारी बाग दोन आठवड्यांत सुटते. उन्हाळ्यात साडेपाच ते साडेसहा ही वेळ, म्हणजे रात्री दहाला झोपायला हवे. हे जमणार नसेल तर मे-जूनमध्ये फिरणे सोडून घरात वीस मिनिटे सूर्यनमस्कार किंवा दोरीवरच्या उड्या पुरे. हट्टाने आठ वाजता फिरायला जाऊन उन्हात आजारी पडण्यात शहाणपण नाही.

पाळीवाल्यांसाठी

बुटीबोरी आणि हिंगण्यात पाळ्या बहुधा सात-तीन, तीन-अकरा आणि अकरा-सात अशा. पाळी बदलताना सकाळ, मग दुपार, मग रात्र हा क्रम शरीराला सोपा जातो. उलटा क्रम त्रास देतो, कारण झोप मागे ओढण्यापेक्षा पुढे ढकलणे सोपे. वेळापत्रक बनवणाऱ्या सुपरवायझरला हे एकदा सांगून बघा.

रात्रपाळीहून सकाळी आठला घरी आलात तर येताना गॉगल लावा. सकाळचा लख्ख प्रकाश डोळ्यांत गेला की झोप उडते. खोलीच्या खिडकीला जाड गडद पडदा, किंवा साधा काळा कागद. चहा-कॉफी झोपेच्या निदान सहा तास आधी बंद. म्हणजे पहाटे तीननंतर नाही, पाचचा चहा तर अजिबातच नाही, आणि नेमका तोच मोडवत नाही. उन्हाळ्यात कूलरची टाकी झोपण्याआधी काठोकाठ भरा. ती दुपारी दीडला कोरडी पडते, पंखा गरम हवा फेकायला लागतो आणि झोप तिथेच तुटते. नळाची वेळ सकाळची असेल तर टाकी भरायचे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. घरच्यांना सांगायचे ते एवढेच, की नऊ ते चार ही तुमची रात्र आहे. कुरिअर, कामवाल्या बाई, मोबाइलवरचे रील, सगळ्यांना ती लागू. एका दमात सात तास झोप झाली नाही तर संध्याकाळी दीड तासाचा दुसरा तुकडा घ्या.

महिलांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचे तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार त्यांची संमती आणि सुरक्षेची, ने-आणीची सोय लागते.

कायदा आणि रजा

हाच कायदा रजेसाठीही माहीत हवा. आठवड्याला ४८ तास, एक साप्ताहिक सुटी, जादा कामाला दुप्पट दर. वर्षाला आठ किरकोळ रजा, त्या तिमाहीनुसार खात्यात जमा होतात आणि वर्षअखेरीस वाया जातात. वर्षात २४० दिवस काम झाले असेल तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठते. व्यवस्थापकीय पदांवरच्यांना हा कायदा लागू नाही, आणि कारखान्यांचे नियम वेगळे आहेत. तरी तिथेही आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आणि ओव्हरटाइम दुप्पट. नियुक्तिपत्रावर पद 'एक्झिक्युटिव्ह' लिहिले आहे की 'मॅनेजर', हे म्हणून बघून घ्यावे.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडले आहे, तो कायदा झालेला नाही. म्हणून चौथ्या आठवड्यातले बोलणे टाळून चालत नाही.

किरकोळ रजा मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर अशा दोन-दोन टाकून ठेवा, नाहीतर डिसेंबरात सगळे एकदम मागतात आणि कुणालाच मिळत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीची सुटी खासगी कंपनीच्या यादीत असेलच असे नाही. इतवारी-महाल भागातून मारबत-बडग्यांच्या पुतळ्यांची मिरवणूक जाते तेव्हा तिकडचे रस्ते बंद असतात, त्या भागात राहणाऱ्यांनी एक रजा त्या दिवसासाठी राखावी. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या परिसराचेही तेच.

सरकारी कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ ९.४५ ते ६.१५. पण हिवाळी अधिवेशन आले की ही वेळ नावापुरती उरते. तारांकित प्रश्नांची उत्तरे, लक्षवेधी, रात्रीचे फोन. या दिवसांत समतोल साधण्याचा आटापिटा करू नका. नोव्हेंबरातच घरची मोठी कामे उरका, दाताचा डॉक्टर, गाडीची सर्व्हिसिंग, मुलांच्या शाळेची बैठक, आणि अधिवेशन संपल्यावर सलग तीन दिवसांची रजा आधीच मंजूर करून ठेवा. घरच्यांना शेवटची तारीख माहीत असली की ते सोसतात.

सातवा आणि आठवा आठवडा : पुन्हा वही

सातव्या आठवड्यात नवे काही करू नका, चालू आहे ते मुरू द्या. आठव्यात पुन्हा सात दिवस नोंद करा आणि पहिल्या वहीशी ताडून बघा. आठवड्याला चार-पाच तास मोकळे झाले असतील तर आराखडा लागू पडला. त्याहून कमी असतील तर बहुधा दोनपैकी एक घडलेले असते. ऑफिसातून लवकर निघालात पण लॅपटॉप घरी उघडलात, किंवा वेळ सुटला पण फोनचा आकडा तेवढाच वाढला. दुसरे असेल तर पाचवा आठवडा पुन्हा करा. पहिले असेल तर लॅपटॉपची बॅग दाराजवळच्या कपाटात जाऊ द्या, बेडरूममध्ये नको.

कामाचे तास ५५ च्या वर राहत असतील तर मात्र गंभीरपणे घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त आढळला. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडत असेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर वहीने भागणार नाही. डॉक्टरांकडे जा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

साहेबांशी दोनदा बोलून, कागद दाखवूनही काही हललेच नाही, तर दुसरी नोकरी बघायला लागा, पण हातची सोडण्याआधी. मुलाखतीत 'वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?' असे विचारले तर सगळीकडे 'छान आहे' हेच उत्तर मिळते. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारा : टीममधला शेवटचा माणूस काल किती वाजता निघाला? कंपनीची शेवटची बस कितीची आणि तिच्यात किती जण असतात? गेल्या महिन्यात किती रविवारी बोलावले होते, आणि त्याची बदली सुटी मिळाली का? या पदावर आधी कोण होते आणि ते का गेले? समोरचा या प्रश्नांना अडखळला तर पगाराचा आकडा मोठा असला तरी दोन दिवस मागून घ्या, आणि जमल्यास संध्याकाळी सातला त्या कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहा.